मावळ्याच्या हाती एन्फील्ड देऊ नका : इतिहासाचे व्हिडिओ करणाऱ्यांना खुले पत्र

मराठीतून इतिहासाचे व्हिडिओ करणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे व्हिडिओ आमच्या घरी पाहिले जातात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंद्यांच्या फौजेबरोबर येऊन स्थायिक झालेली जी मराठी घरे आहेत, त्यांतलेच आमचे एक. इथली मुले हिंदीतून नाहीतर इंग्रजीतून शिकतात. मराठी त्यांना बोलता येते, वाचायला मात्र जड जाते. पानिपत, महादजी, दौलतराव, झाशीची राणी हे सगळे मराठीतून त्यांच्या कानावर पडते ते आजी-आजोबांकडून, आणि आता त्याहून जास्त तुमच्याकडून. तुमच्या कामाची मला मनापासून कदर आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझे म्हणणे बंदुकांबद्दल आहे. ज्या लढाईची गोष्ट तुम्ही सांगता, त्या लढाईत ज्या बंदुका होत्या त्याच दाखवा, आणि त्या कशा चालत हे नीट सांगा. मी फौजेत आर्मरर होतो. थ्री नॉट थ्रीपासून इन्सासपर्यंतच्या रायफली उघडणे, पुसणे, दुरुस्त करणे यात माझी नोकरी गेली, आणि जुन्या ठासणीच्या बंदुकांचा नाद तेव्हापासूनचा. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. शिपाई कुठे उभा राहतो, शत्रूला किती जवळ येऊ देतो, एका बारानंतर किती वेळ उघडा पडतो, संगीन लावून कधी धावतो, हे सगळे त्याच्या हातातल्या बंदुकीवर ठरते. बंदूक चुकली की लढाईच चुकते. मग तुम्ही कितीही तळमळीने बोललात तरी ऐकणाऱ्याला जे कळते ते घडलेलेच नसते.

घोडखिंडीचाच प्रसंग घ्या. जुलै १६६०, आषाढातला पाऊस. कितीतरी व्हिडिओंत सिद्दीचे सैनिक ओळीने उभे राहून, बंदुका खांद्याला लावून, धो धो पावसात एकदम बार काढताना दिसतात. चित्र थांबवून पाहिले तर हातातली बंदूक इंग्रजांची ब्राउन बेस असते. ती आली १७२० च्या दशकात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर चाळीसेक वर्षांनी. काही ठिकाणी तर त्याही पुढची, टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या तांब्याच्या टिकलीवर, चालणारी बंदूक असते. ती इंग्रजी फौजेत १८४० च्या सुमाराला रुळली. खिंडीतल्या माणसांच्या हातात त्यांच्या खापरपणतवंडांच्याही पुढच्या पिढीचे हत्यार दिसते आहे, आणि खाली प्रतिक्रियांमध्ये शेकडो लोक 'अंगावर काटा आला' असे लिहून जातात.

सतराव्या शतकातली आपल्याकडची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. ती एकदा जवळून पाहा, मग विसरणार नाही. लांब, सडपातळ नळी. नळीच्या उजव्या अंगाला कानापाशी, म्हणजे आग आत जाण्याच्या भोकापाशी, एक छोटी वाटी, तिच्यावर सरकते झाकण. त्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू. कुंद्याच्या, म्हणजे मागच्या लाकडी भागाच्या, फटीतून वर आलेला एक वाकडा लोखंडी दांडा, आणि त्याच्या चिमट्यात जळता तोडा, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. चाप दाबला की दांडा खाली येतो, तोड्याचे निखारलेले टोक रंजकीला लागते, आधी वाटीत भडका होतो आणि मग कानातून आग आत जाऊन बार उडतो. हे दोन आवाज वेगळे ऐकू येतात. मधल्या क्षणात नेम हलू न देणे, यातच बरकंदाजाचे कसब होते. पुन्हा भरायचे तर दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, वाटीत रंजक घाला, तोडा फुंकून पेटता करा. आणि हे सगळे करताना जळती दोरी आपल्याच दारूपासून लांब ठेवा. मिनिटाला एक बार निघाला तरी पुष्कळ झाले. तोडा दिवसभर पेटता ठेवावा लागे. रात्री त्याचे लाल ठिपके लांबून दिसत. पावसात तोडा विझे, रंजकीचा चिखल होई.

आता ही बंदूक मनात धरून घोडखिंडीकडे बघा. अरुंद वाट, पाऊस, चिखल, आणि ज्यावर विसंबता येत नाही असे अग्निशस्त्र. बाजीप्रभू आणि बांदल तलवारी, पट्टे, भाले आणि दगडधोंडे घेऊन खिंड का अडवू शकले, याचे एक मोठे कारण तुमच्यासमोर येईल. पावसात ओळीने धडाधड बार उडताना दाखवले की हेच कारण पुसले जाते. त्या वेळच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजी शस्त्र दाखवायचेच असेल तर खरा प्रसंग हाताशी आहे. राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफगोळे डागले होते, आणि पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, महाराजांनी राजापुरावर चालून जाऊन त्या इंग्रजांना कैदेत टाकले. यात नाट्य कमी आहे का?

तोडा, चकमक आणि टोपी, एवढे तीन शब्द ज्याला ओळखता येतात त्याच्या निम्म्या चुका तिथेच टळतात. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की आपटणाऱ्या दांड्याच्या, तोंडात दगडाचा तुकडा बसवलेला असतो आणि समोर पोलादाची उभी पट्टी असते. दगड पट्टीवर आपटून ठिणग्या रंजकीत पडतात. टोपीच्या बंदुकीत वाटी नसते, पट्टी नसते. नळीच्या बुडाशी एक पोकळ बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टिकलीएवढी टोपी बसते आणि घोडा तिच्यावर आदळतो. एखाद्या चित्रात घोड्याच्या तोंडात दगड नसेल आणि वाटीही नसेल, तर ते चित्र पानिपतासाठी वापरू नका. १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखानाच्या गारद्यांकडे टोपीच्या बंदुका असणे शक्यच नव्हते. पानिपताचा विषय निघालाच आहे म्हणून एवढे सांगतो की अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरक्यांना तुमच्या व्हिडिओंत फार कमी जागा मिळते. उंटाच्या पाठीवर फिरत्या खुंटीला बसवलेली छोटी तोफ, हवी तिथे पळवत नेता येणारी. आपल्या अवजड तोफा एकदा मांडल्या की लढाईबरोबर पुढे सरकत नव्हत्या, आणि या जंबुरक्यांनी दुपारनंतर काय केले, हे एका नकाशात दाखवता येईल. कोणीतरी ते मनावर घ्या.

माझ्या जिव्हाळ्याचा विषय मात्र असईची लढाई आहे. २३ सप्टेंबर १८०३. यावरचे जे मराठी आणि हिंदी व्हिडिओ मी पाहतो, त्यांत बहुतेक ठिकाणी एकच कहाणी असते. मराठ्यांकडे भाले-तलवारी आणि जुनाट बंदुका, इंग्रजांकडे आधुनिक शस्त्रे, म्हणून मराठे हरले. ऐकताना माझा जीव तुटतो. कारण ही कहाणी शिंद्यांच्या फौजेवर अन्याय करते, आणि तिच्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे.

महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर युरोपातल्या सव्हॉयचा सेनानी डी बॉयन हाताशी धरून कवायती पलटणी उभ्या केल्या. लोक त्यांना कंपू म्हणत. आमच्या ग्वाल्हेरात आजही कंपू नावाची वस्ती आहे. या पलटणींच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या, संगिनी होत्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि युरोपीय धर्तीच्या बंदुका बनत. भट्टीवर, साणेवर, कुंदे तासायला हात आपल्याच कारागिरांचे होते. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या लढाया याच पलटणींनी जिंकल्या.

असईला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली अनपेक्षित बाजूने नदी उतरून आला, तेव्हा शिंद्यांच्या पायदळाने आणि तोफखान्याने आपली सगळी फळी वळवून त्याच्यासमोर नवी फळी धरली. शत्रू अंगावर येत असताना हजारो माणसांनी आणि शेकडा तोफांनी असे तोंड फिरवणे म्हणजे काय, हे कोणत्याही फौजी माणसाला विचारा. पहिल्या दर्जाच्या कवायतीशिवाय ते होत नाही. मग त्या तोफा बोलल्या. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे निघून गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. कंपनीच्या बाजूचे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले. सातेक हजार माणसे मैदानात असताना हा आकडा भयंकर आहे. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पुढे नेपोलियनला हरवणारा हाच वेलस्ली असईला रणांगणावरची आपली सर्वोत्तम कामगिरी मानत असे.

मग हरलो कशाने? त्याची कारणे वेगळी आहेत आणि ती बोलायला अवघड आहेत. घोडदळ त्या दिवशी पायदळाच्या मदतीला नीट उतरले नाही. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रजांना फोडले, ऐन युद्धाच्या तोंडावर अधिकारी निघून गेले, आणि उत्तरेत सगळ्या कंपूंचा सेनापती पेराँ त्याच सप्टेंबरात इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. म्हणजे हत्यार चांगले होते, चालवणारा हातही चांगला होता. घात झाला तो वर बसलेल्यांच्या निष्ठेचा आणि आपसातल्या दुहीचा. 'जुनाट बंदुका' म्हटले की हे सगळे झाकले जाते, आणि आग्र्याच्या कारागिराचे, असईच्या गोलंदाजाचे श्रेय एका वाक्यात हिरावले जाते. तुम्ही त्यांचा अभिमान बाळगता म्हणूनच व्हिडिओ करता. तो अभिमान त्यांच्या खऱ्या कामगिरीवर उभा करा.

आमच्या गावाजवळचीच दुसरी गोष्ट. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार अशा दोन लढाया एकाच दिवशी झाल्या. ग्वाल्हेरच्या फौजेने तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. जिंकल्यावर इंग्रजांनी हस्तगत केलेल्या तोफांचा धातू वितळवून आपल्या सैनिकांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदके पाडली. त्यांना ग्वाल्हेर स्टार म्हणतात, ती अजून लिलावात दिसतात. या विषयावर मराठीत एक चांगला व्हिडिओ मला सापडलेला नाही. जो करेल त्याला लागेल ती मदत करीन.

आता १८५७. इथे एन्फील्डने सगळ्यांना चकवले आहे. काडतुसांच्या चरबीची गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. पण त्यामुळे असे चित्र तयार झाले आहे की प्रत्येक शिपायाच्या हातात एन्फील्ड होती आणि त्याने तीच इंग्रजांवर रोखली. घडले ते जवळजवळ उलट. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही ठासणीचीच, टोपीवर चालणारी, पण नळीत आतून पीळदार खाचा असलेली रायफल. तिचे तोंड .५७७ इंचाचे. तिची गोळी लांबट, तळाशी पोकळ. बार उडाला की गोळीचा तळ फुगून खाचांत घट्ट बसायचा आणि गोळी गिरकी घेत सरळ जायची. गुळगुळीत नळीची जुनी बंदूक शंभर पावलांपलीकडे नेम धरण्याच्या कामाची नसे. एन्फील्डच्या नेम धरायच्या मागच्या पट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. गोळी कागदात गुंडाळून खाचांतून खाली ठासायची म्हणून वंगण लागले. जुन्या बंदुकीची सैल गोळी घरंगळत खाली जाई, तिला वंगणाची गरजच नव्हती. चरबीचा प्रश्न कुठून आला हे मुलांना समजावायचे असेल तर आधी नळीतल्या या खाचा दाखवा.

बंगालच्या फौजेत एन्फील्ड तोवर सर्रास वाटलेली नव्हती. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे तिचे शिक्षण सुरू झाले होते. मंगल पांडे यांच्या ३४ व्या पलटणीला ती मिळालेली नव्हती. २९ मार्च १८५७ ला बराकपूरच्या मैदानावर त्यांच्या हातात होती ती जुनी, गुळगुळीत नळीची मस्केट. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसे नाकारली, ती एन्फील्डची नव्हतीच, त्यांच्या नेहमीच्या कार्बाइनची, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुकीची होती. दातांऐवजी बोटांनी काडतूस फाडायची नवी रीत दाखवण्यासाठी ती परेड बोलावली होती. म्हणजे विश्वास इतका उडाला होता की ओळखीचे काडतूसही हातात घ्यायला माणूस तयार नव्हता. हे किती मोठे सत्य आहे! त्या ठिकाणी एन्फील्ड दाखवली की ते सगळे हरवते आणि उरते एक साधी अफवा.

उठाव पेटल्यावर रायफल गोऱ्या पलटणींकडे होती आणि आपल्या बहुतेक शिपायांकडे जुन्याच मस्केटी. हा फरक शेकडो यार्डांचा होता. तरीही नोव्हेंबर १८५७ मध्ये तात्या टोप्यांनी ग्वाल्हेर कंटिन्जंट, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखाली असलेली आणि उठावात सामील झालेली ग्वाल्हेरची फौज, घेऊन कानपुराजवळ जनरल विंडहॅमला मागे रेटले. जुन्या बंदुकांनिशी, तोफखान्याच्या जोरावर आणि शिस्तीने. तुमच्या व्हिडिओत दोन्हीकडे एकसारख्या रायफली दिसल्या तर या पराक्रमाचे मोल कोणाला कसे कळणार? आणि बंड मोडल्यावर इंग्रजांनी काय केले, तेही सांगा. हिंदी पलटणींसाठी एन्फील्डसारखीच दिसणारी पण नळीतल्या खाचा काढून टाकलेली, गुळगुळीत बंदूक काढली. १८५८ चा नमुना म्हणतात तो हाच. पुढे गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली तरी काळ्या शिपायाला तिच्या आधीची, जुनी स्नायडर. हाताखालच्या माणसावर राज्यकर्त्याचा किती विश्वास आहे, ते या एका नळीत डोकावून दिसते. जुन्या वाड्यातून निघालेल्या ज्या बंदुकांना तुम्ही 'एन्फील्ड रायफल' म्हणून व्हिडिओत मिरवता, त्यांच्या तोंडातून आत टॉर्च मारून बघा. पीळ दिसला नाही तर ती रायफल नव्हे. मात्र त्याआधी जाणकाराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. आमच्या चंबळच्या मुलखात बंदुकीचे अप्रूप किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात हवेत गोळ्या झाडून माणसे मेल्याच्या बातम्या इथे नव्या नाहीत. घराच्या माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक शंभर वर्षांनंतरही भरलेली असू शकते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर पेट घेते. कॅमेऱ्यासमोर तिचा घोडा ओढून दाखवणे, नळीत डोळा लावणे, आत गज खुपसून ठोकणे हे बंद करा. तुमचे पाहून बारा-तेरा वर्षांची मुले तेच करतात.

आता जालियनवाला बाग. १३ एप्रिल १९१९ चा प्रसंग दाखवताना मशीनगन हमखास येते. डायरबरोबर मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या होत्या हे खरे. पण बागेत जाणारी गल्ली अरुंद, म्हणून त्या बाहेरच राहिल्या. आत गोळ्या झाडल्या त्या पन्नास शिपायांनी, .३०३ च्या ली-एन्फील्ड रायफलींनी. १६५० गोळ्या. मी ही रायफल वर्षानुवर्षे हाताळली आहे, म्हणून सांगतो. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलावा लागतो, मागे खेचावा लागतो, पुढे ढकलून खाली पाडावा लागतो. मग पुन्हा नेम, पुन्हा चाप. दहा गोळ्या संपल्या की मॅगझिन पुन्हा भरायचे. म्हणजे त्या प्रत्येक गोळीमागे एका माणसाने हात हलवून केलेली स्वतंत्र कृती होती, आणि जिथे गर्दी दाट तिथे नेम धरायला सांगणारा अधिकारी बाजूला उभा होता. मशीनगन दाखवून तुम्हाला क्रौर्य वाढवायचे असते. खरी रायफल दाखवलीत तर तुमच्या प्रेक्षकाला झोप लागणार नाही.

ग्वाल्हेरकराच्या मनाला लागणारी आणखी एक गोष्ट आहे, ती टाळत नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर ज्या शस्त्राने गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचा माग खटल्यात आमच्या शहरापर्यंत आला होता. ते शस्त्र इटलीचे, बेरेटा कंपनीचे १९३४ चे मॉडेल, मुठीत मॅगझिन असलेले पिस्तूल. गोळ्या तीन. तुमच्या व्हिडिओंच्या थंबनेलवर मात्र गोल फिरत्या चकतीचे रिव्हॉल्व्हर असते आणि शीर्षकात 'चौथ्या गोळीचे रहस्य'. त्या चौथ्या गोळीच्या आधारे फेरतपास मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. राष्ट्रपित्याच्या हत्येबद्दल बोलताना तरी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक पाळा.

या चुका कशा होतात याची मला कल्पना आहे. व्हिडिओ आठवड्याला एक काढायचा असतो, खर्च खिशातून, आणि हाताशी असतात परदेशी सिनेमांचे तुकडे. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे आली. या चित्रांत मावळ्याच्या बंदुकीला दोन घोडे असतात, तोड्याच्या बंदुकीवर दुर्बीण असते. एकाने बनवलेले चित्र दुसरा उचलतो, दुसऱ्याचे तिसरा, आणि वर्षभरात गुगलवर 'मराठा बंदूक' टाकले की तेच पहिले येते. आवाजाचेही तसेच. काळ्या दारूचा बार जड, धपकन होतो आणि पांढऱ्या धुराचा ढग उठतो. दोन-चार बारांनंतर समोरचे दिसेनासे होते. तुमच्याकडे मात्र आजच्या रायफलीचा कडाड आणि स्वच्छ हवा. धूर न करणारी दारू फ्रान्समध्ये १८८४ ला निघाली. त्याआधीच्या कोणत्याही लढाईत धूर दाखवलाच पाहिजे, कारण सेनापतीचे निशाण, नगारा, शिंग यांची गरज त्या धुरामुळे आणखीच वाढत असे.

कोणी म्हणेल, लोकांना स्फूर्ती हवी असते, बंदुकीच्या घोड्याकडे कोण बघतो? आमच्या इथली मुले बघतात. ती मोबाईलवरच्या खेळांमुळे आजच्या बंदुकांची नावे, मॅगझिनमधल्या गोळ्या, सगळे घडाघडा सांगतात. त्यांना पानिपतात टोपीची बंदूक दिसली आणि नंतर कुठे खरे वाचायला मिळाले, तर बंदुकीबरोबर भाऊसाहेबांवरचा विश्वासही जातो. शिवाय मराठ्यांच्या शौर्यावर शंका घेणारे लोक अशा चुका टिपायला बसलेलेच आहेत. त्यांच्या हातात आयते कोलीत कशाला द्यायचे?

तेव्हा माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पडद्यावर बंदूक आली की कोपऱ्यात तिचे नाव, ती वापरात आल्याचे वर्ष आणि ती कुठल्या संग्रहालयातली, एवढे लिहा. जे चित्र कल्पनेचे आहे त्यावर तसे लिहा. कृत्रिम रीतीने बनवलेल्या दृश्यांची कबुली द्यायची सोय यूट्यूबनेच दिलेली आहे, ती वापरा. परदेशी तुकड्यांऐवजी आपली संग्रहालये दाखवा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, आमच्याकडे जयविलास आणि गुजरी महाल आहे. परवानगी काढायला वेळ लागतो, पण एकदा काढलेली खरी छायाचित्रे वर्षानुवर्षे कामाला येतात आणि ती एकमेकांना वापरू द्या. तोफांचे पल्ले सांगताना 'पस्तीस किलोमीटर मारा करणारी तोफ' असले काही पुढे ढकलू नका. ठासणीच्या तोफेचा गोल गोळा हवेच्या रोधापुढे काही किलोमीटरांतच दम टाकतो. साधने एकमेकांशी जुळत नसतील तर तेही मोकळेपणाने सांगा. राणी लक्ष्मीबाईंचे बलिदान आमच्या फूलबागेत १८ जूनला स्मरतात, इंग्रजी कागदांत १७ जून येते. जखम तलवारीची की गोळीची, यावर त्या काळच्या नोंदींतच एकमत नाही. हे सांगितल्याने राणी लहान होत नाही.

आणि जुन्या व्हिडिओंचे काय? ते काढून टाका असे मी म्हणत नाही. चुकीचा तुकडा यूट्यूबच्या संपादन सोयीत कापता येतो. ते जमत नसेल तर वर्णनात पहिल्याच ओळीत दुरुस्ती लिहा आणि तीच प्रतिक्रिया सर्वांत वर टाचून ठेवा. कोणी चूक दाखवली तर त्याला 'इतिहासद्रोही' म्हणून ब्लॉक करू नका. तुमच्यातले काही जण हे सगळे आधीच करतात. दुर्गांवर बोलताना मोजपट्टी लावून मापे देणारे, मोडी कागद पडद्यावर धरून वाचून दाखवणारे मी पाहिले आहेत. तेवढीच शिस्त बंदुकीला लावा, इतकेच मागतो आहे.

चित्रीकरणाआधी संहिता आणि चित्रे दाखवायची असतील तर या पत्राखाली लिहा. मोबदला नको, नाव नको. असई आणि महाराजपूर यांवर कोणी काम करत असेल तर त्याला आधी उत्तर देईन. ग्वाल्हेरला याल तेव्हा संग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात तुमच्याबरोबर येईन, आणि तोडा, चकमक, टोपी या तिन्ही बंदुका कशा ओळखायच्या ते दाखवीन.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
लष्कर, ग्वाल्हेर